अशक्तपणाचे खापर दरवेळी रक्तावरच का?

दिवाळी आटोपली होती आणि गावोगावी मंडया भरू लागल्या होत्या. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या रोज संध्याकाळी सामान लादून बाहेर पडत होत्या. त्या रात्री आमच्याच गावी नाटक होते. थंडी अजून पडायची होती. बायाबापड्या नुसत्या पदरावर बसल्या होत्या. आमच्या थोरल्या वहिनी मात्र अंगात स्वेटर, वरून शाल आणि कानाला मफलर अशा थाटात आलेल्या. ज्या बाईने वीस वर्षांत एक नाटक अर्धवट सोडले नाही, ती पहिला अंक संपायच्या आत खांबाला टेकून झोपी गेली. उठवले तर म्हणाल्या, "मले तं थंडी वाजते जी भाऊजी, अन्‌ अंगात जीवच नाही वाटत." आवाज असा घोगरा की शेजारच्या आजीने मागे वळून पाहिले.

वहिनींचे हे दुखणे दोन वर्षांचे होते. दोन वर्षांत काय काय केले ते सांगितले तर आपल्या भागातल्या कोणत्याही घराची हकीकत वाटेल. पहिल्यांदा रक्त तपासले. हिमोग्लोबिन नऊ. लोहाच्या लाल गोळ्या मिळाल्या. तीन महिने खाल्ल्या, रक्त थोडे वाढले, थकवा तसाच. मग ताकदीच्या बाटल्या. दर पंधरा दिवसांनी एक सलाईन, दोन दिवस बरे वाटायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा खाट. एका खासगी दवाखान्यात सिकलसेल आहे का पाहिले, नव्हते. मग घरच्या म्हाताऱ्यांच्या आग्रहाने पुजाऱ्याकडे जाणे झाले, एक कोंबडी गेली. मधल्या काळात चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, तर आयाबाया म्हणाल्या, "बसून खाते, अंगाला लागलं." रोवणीच्या चिखलात ज्या बाईच्या पुढे कोणी जात नसे, तिला बायकोमंडळींनी कामचोर ठरवले. यात मीही होतो, हे कबूल करतो.

शेवटी रोग सापडला तो एका आरोग्य शिबिरात. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्ताचा कागद बाजूला ठेवला आणि आधी वहिनींशी नुसते बोलत बसल्या. आवाज ऐकला, कोपराची कातडी चोळून पाहिली, भुवयांचे बाहेरचे टोक विरळ झालेले पाहिले, नाडी मोजली. गुडघ्यावर बसवून टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन हलले, पण परत जागेवर यायला चांगला वेळ लागला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "यांचं थायरॉईड पाहा." टीएसएच नावाची तपासणी झाली. आकडा शंभराच्या वर निघाला. निरोगी माणसात तो साधारण अर्ध्यापासून चारपर्यंत असतो.

या थायरॉईडबद्दल आपल्या बैठकीत, पारावर, ग्रामसभेत कोणी बोलत नाही. हा शहरातल्या जाड्या बायकांचा रोग, असा एक समज आहे. तो खरा नाही.

गळ्यात, घाटीच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला पुस्तकात अवटू ग्रंथी म्हणतात, बोलताना सगळे थायरॉईडच म्हणतात. तिच्यातून निघणारा रस रक्तात मिसळतो आणि शरीराच्या चुलीचा जाळ किती ठेवायचा ते ठरवतो. जाळ मंद झाला की आधण उशिरा येते, तसे सगळेच काम मंदावते. हृदय सावकाश चालते, आतडी सावकाश चालतात, डोके सावकाश चालते, कातडी कोरडी पडते, अंगात ऊब राहत नाही. सारा रोग या एका वाक्यात आहे: सगळे काही हळू.

टीएसएच या तपासणीचा आकडा मात्र उलटा वाचावा लागतो, आणि इथे शिकलेली माणसेही गोंधळतात. मेंदूच्या बुडाशी एक लहान ग्रंथी आहे, ती थायरॉईडला हाका मारून कामाला लावते. ती हाक म्हणजे टीएसएच. गडी वेळेवर कामाला लागला तर मालक हळूच बोलतो. गडी सुस्त पडला की मालकाचा आवाज चढतो. म्हणून थायरॉईड मंद असेल तर टीएसएच वाढलेला दिसतो. दहाच्या वर गेला तर बहुतेक वेळा गोळी लागते. चार ते दहाच्या मध्ये असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा पाहतात, सोबत टी-फोर पाहतात आणि मग ठरवतात. तपासणीला उपाशीपोटी जावे लागत नाही.

आता लक्षणे. ती दवाखान्याच्या भाषेत सांगण्यापेक्षा आपण त्यांना कोणती नावे देतो ते सांगतो. थकव्याला आपण रक्त कमी म्हणतो. थंडी सहन न होणे म्हणजे अंगात कसर. पोट साफ न होणे म्हणजे गॅस. विसरभोळेपणा म्हणजे वय झाले. कोणाशी न बोलणे, उदास बसणे म्हणजे सासुरवास किंवा बाहेरचे. केस गळणे म्हणजे पाणी बदलले. हातापायांना मुंग्या म्हणजे वात. पाळी जास्त जाणे म्हणजे गरमी. घोगरा आवाज म्हणजे सर्दी. चेहऱ्यावर, डोळ्यांच्या पापण्यांवर सूज म्हणजे बाळसे. प्रत्येक लक्षणाला आपल्याकडे वेगळे नाव आणि वेगळे औषध आहे, त्यामुळे दहा तक्रारी एकाच बाईच्या आहेत हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. आज गॅसची पुडी, उद्या वाताचे तेल, परवा लोहाची गोळी. मुळावर घाव नाही.

यातले एखादे लक्षण कोणालाही असते. दिवसभर कंबर वाकवून धान रोवल्यावर थकवा येणारच, त्यासाठी थायरॉईडकडे धावायचे कारण नाही. पण थकवा, थंडी, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, सुजरा चेहरा, बदललेला आवाज यांपैकी तीन-चार गोष्टी एकत्र असतील आणि महिनोन्‌महिने हटत नसतील, तर टीएसएच पाहायलाच हवे. मेहनतीच्या अंगाला वजन फारसे वाढत नाही, हेही ध्यानात ठेवावे. शहरात डॉक्टर वजनावरून ओळखतात. आपल्याकडे सडपातळ बाईलाही हा रोग असतो आणि तिच्याकडे कोणी त्या नजरेने पाहत नाही.

रक्ताच्या बाबतीत एक गुंता आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे. लोहाची गोळी देणारी सिस्टरबाई चुकीची नसते. आपल्या भागात रक्त कमी असणाऱ्या बाया खरोखरच आहेत, सिकलसेलही आहे. पण थायरॉईड मंद असले तरी रक्त कमी होते, आणि त्यात पाळी जास्त जाऊ लागली तर आणखी कमी होते. म्हणजे रक्त कमी आहे हे खरे, पण का कमी आहे हे कोणी विचारले नाही. घागर भरत नाही म्हणून आपण पाणी ओततच राहतो, बुडाचे भोक पाहत नाही. माझे म्हणणे एवढेच की तीन महिने लोहाच्या गोळ्या नीट खाऊनही जिला उभारी येत नाही, तिला चौथ्या महिन्यात त्याच गोळ्या देऊन परत पाठवू नये.

हा रोग बायांमध्ये कितीतरी जास्त असला तरी पुरुषांना होत नाही असे नाही. पुरुषात तो आणखी लपतो. म्हातारा दिवसभर उन्हात बसून राहतो, घोरतो, ऐकून न ऐकल्यासारखे करतो, हिशेबात चुकतो. घरचे म्हणतात बुढा झाला. साठीनंतरच्या माणसात पाच-सहा लक्षणे एकदम दिसत नाहीत, नुसता सुस्तपणा दिसतो. असे म्हातारे माणूस कडाक्याच्या थंडीत गुंगीत जाऊन अंग गार पडले तर ती जिवावरची वेळ असते. शेकोटीजवळ नेऊन बसवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात हलवले पाहिजे.

खरा धोका बाळंतपणाचा आहे. पोटातल्या मुलाचा मेंदू पहिल्या काही महिन्यांत आईच्याच थायरॉईडवर वाढतो. आईचा जाळ मंद असेल तर गर्भ पडणे, बाळ कमी वजनाचे होणे, दिवस पुरे होण्याआधी बाळंत होणे, हे सगळे होऊ शकते. ज्या घरात दोनदा-तीनदा पोट पडले, ज्या जोडप्याला लग्नाला चार-पाच वर्षे होऊनही मूल नाही, तिथे सुनेला बोल लावण्याआधी टीएसएच पाहावे. केंद्र सरकारने 2014 साली गरोदर बायांच्या थायरॉईड तपासणीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. आधी गर्भपात झालेल्या, वंध्यत्वाचा इतिहास असलेल्या, घराण्यात हा रोग असलेल्या, आयोडीन कमी असलेल्या भागात राहणाऱ्या अशा जोखमीच्या बायांची तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी, असे त्यात म्हटले आहे. कागद आहे. पण गावातली गरोदर बाई नाव नोंदवायला गेली की यातला एक तरी प्रश्न तिला विचारला जातो का, हे सरपंचांनी आपल्या घरच्या सुनेला विचारून पाहावे.

जन्मलेल्या बाळाचे तर आणखी नाजूक आहे. काही मुले जन्मतःच ही ग्रंथी नसलेली किंवा अधू असलेली येतात. जन्माच्या वेळी मूल अगदी चांगले दिसते. पुढे ते फार झोपते, दूध नीट ओढत नाही, रडले तर घोगरे रडते, शी होत नाही, बेंबी फुगलेली राहते, जीभ मोठी वाटते, जन्मानंतरची कावीळ दोन आठवडे उलटले तरी उतरत नाही. आजी कौतुकाने सांगते, "लय गुणी पोरगं, रडतच नाही." मूल गुणी म्हणून गप्प असते तसे आजारी म्हणूनही गप्प असते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर असे मूल चारचौघांसारखे वाढते, शाळेत जाते, नांगर धरते. महिन्यांवर महिने गेले तर बुद्धीचे जे नुकसान होते ते नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी भरून निघत नाही. कॅनडात क्वेबेक प्रांताने 1974 साली बाळांच्या टाचेचे थेंबभर रक्त घेऊन ही तपासणी सुरू केली. आपल्याकडे अजून प्रत्येक बाळाची अशी तपासणी होत नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात, गलगंड त्यांच्या यादीत आहे. पण दहा दिवसांचे बाळ अंगणवाडीत नसते, आजीच्या मांडीवर असते. म्हणून हे आजीला ठाऊक पाहिजे.

गलगंड, कोणी त्याला घेंगा म्हणते, म्हणजे गळ्यावर वाढलेली गाठ. आयोडीन नावाचा क्षार मिळाला नाही की ग्रंथी फुगते. समुद्राजवळच्या मातीत आणि मासळीत आयोडीन असते. आपण समुद्रापासून शेकडो कोस आत. पावसाने, पुराने जमिनीतले आयोडीन धुऊन जाते आणि त्या जमिनीत पिकलेल्या धानातही ते येत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला फक्त 150 मायक्रोग्रॅम लागते, गरोदर बाईला 250. सारे आयुष्य मोजले तर चमचाभर. पण रोजच्या रोज लागते. 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात मिठातून आयोडीन देऊन गलगंड कमी करून दाखवला, आणि 1962 साली देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. 1998 साली खाण्यासाठी बिनआयोडीन मीठ विकायला बंदी झाली. 2000 साली ती उठली. 2006 साली पुन्हा आली. मिठावरून आपल्या देशात राजकारण होणारच, गांधीजींपासून होत आले आहे.

बंदी मात्र माणसाच्या मिठाला आहे, जनावरांच्या नाही. आपल्याकडे गोची इथेच होते. बैलांसाठी खडे मिठाचे पोते आणले जाते, स्वस्त पडते, आणि त्याच पोत्यातले मूठभर भाजीत जाते. कोणी खडे मीठ मळके दिसते म्हणून धुऊन घेते. आयोडीनचा लेप खड्याच्या अंगावर असतो, तो पाण्याबरोबर ओट्याखाली वाहून जातो. जे घर पिशवीतले चांगले मीठ आणते, ते पिशवी फोडून चुलीजवळच्या उघड्या भांड्यात ओतते. ओल आणि उष्णता या दोन्हींनी आयोडीन उडते, आणि आपल्याकडे चार महिने ओल असते. कायद्याने मिठात गिऱ्हाइकाच्या हाती पडताना 15 भाग आयोडीन दर दहा लाखांत असले पाहिजे. 15 भाग म्हणजे एका ग्रॅमला 15 मायक्रोग्रॅम. घरातला माणूस दिवसाला दहा ग्रॅम मीठ खातो असे धरले तर बरोबर 150 भरतात. म्हणजे हिशेब काठोकाठ आहे, सांडायला जागा नाही. मीठ झाकणाच्या बरणीत ठेवावे, भाजी शिजत आल्यावर घालावे.

पावसाळ्यात आपण वास्ते खातो. बांबूच्या कोंबात थायरॉईडला अडवणारे घटक असतात हे खरे आहे. म्हणून वास्ते सोडायची गरज नाही. आपल्या आया कापून भिजत ठेवतात, उकळून पाणी फेकतात, ती रीत बरोबरच आहे. घरात आयोडीनचे मीठ असेल तर काळजी नको.

एक गैरसमज आत्ताच खोडतो. गळ्यात गाठ नाही म्हणजे थायरॉईड नाही, असे नसते. वहिनींच्या गळ्यात काहीच दिसत नव्हते. आज जिथे आयोडीनचे मीठ पोचले आहे तिथे या रोगाचे मोठे कारण वेगळेच आहे. शरीराची राखण करणारी शक्तीच उलटून ग्रंथीला खाते, कुंपणाने शेत खाल्ल्यासारखे. अशा रोग्याने जास्त मीठ खाऊन काही होत नाही, रक्तदाब तेवढा वाढतो. त्याला गोळीच लागते.

गोळी साधी आहे. जो रस ग्रंथी बनवत नाही तोच बाहेरून द्यायचा. 1891 साली इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईला उठवले, ती पुढे 28 वर्षे जगली. आता मेंढी लागत नाही, थायरॉक्सिनची बारीक गोळी मिळते आणि ती स्वस्त आहे. पण घ्यायची रीत चुकली तर ती वाया जाते. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्याशी घ्यावी आणि चहा अर्ध्या ते एक तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर लोह ही गोळी आतड्यातच बांधून ठेवते. आपल्याकडे निम्म्या बाया लोहाच्या गोळ्या खातात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. गुण यायला काही आठवडे लागतात. सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून डॉक्टर मात्रा ठरवतात. दिवस गेले की मात्रा बहुधा वाढवावी लागते, म्हणून पाळी चुकली की लगेच दाखवावे, गोळी बंद तर मुळीच करू नये. बरे वाटले म्हणून सोडणे हा आपल्याकडचा नेहमीचा घात. शेजारणीची गोळी मागून खाणेही तसेच वाईट, गरज नसताना खाल्ली तर छाती धडधडते, हाडे ठिसूळ होतात. हृदयविकाराच्या म्हाताऱ्या माणसाला तर अगदी थोड्या मात्रेने सुरुवात करावी लागते, ते डॉक्टरचेच काम.

आता ग्रामपंचायतीकडे. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिची बैठक बहुतेक गावांत सह्यांपुरती होते, हे मी सांगायला नको. त्या बैठकीत आशाताईंना मिठाची तपासणी करून दाखवायला सांगा. मिठावर त्या संचातल्या औषधाचा थेंब टाकला की आयोडीन असेल तर मीठ निळे-जांभळे होते, नसेल तर पांढरेच राहते. दहा घरांतून वाटीभर मीठ मागवा आणि सगळ्यांसमोर थेंब टाका. ज्याचे पांढरे राहिले त्याला भाषण द्यावे लागणार नाही. दुकानदाराला जनावरांचे पोते वेगळे ठेवायला आणि तसे सांगून विकायला बजावा. दुसरे, प्राथमिक आरोग्य केंद्रात टीएसएचसाठी रक्त घेतात का, घेत असतील तर कोणत्या वारी आणि अहवाल किती दिवसांत येतो, हे लेखी विचारून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. कुरखेड्याकडच्या आतल्या गावची बाई एक दिवसाची मजुरी बुडवून येते. तिला "आज नाही, पुढच्या बुधवारी या" असे ऐकावे लागले की ती पुन्हा येत नाही. खासगीत ही तपासणी काही शे रुपयांत होते, वडशात काय अन्‌ नदीपलीकडे ब्रह्मपुरीत काय. बाटल्या चढवण्यात आपण त्याहून जास्त घालवतो.

वहिनींची मात्रा आता ठरली आहे. दीड-दोन महिन्यांत आवाज परत आला, त्यानंतर थंडी गेली, चेहरा उतरला, रक्तही वाढले. पंचाईत झाली ती रोवणीच्या दिवसांत. पहाटे पाचला निघायचे, चहा घेतल्याशिवाय पाय उचलत नाही, मग गोळी राहून जायची. आता गोळ्यांची डबी राखुंडीच्या डब्याशेजारी ठेवली आहे. तोंड धुतले की गोळी, आणि चहा बांधीच्या धुऱ्यावर पोचल्यावर, थर्मासमधून.